दिव्यांतलें तेल आणि मीटरचें चक्र

नाशिकच्या जुन्या वाड्यांत दिवेलागणीची वेळ ही हिशेबाचीहि वेळ असे. गोदाकांठच्या देवळांतून सांजआरतीची घंटा ऐकूं आली, कीं घरांतली कर्ती स्त्री समईंत तेल घाली, वात सारी, आणि मगच बाकीच्या कामाला लागे. काल तेल किती घातलें होतें, त्यांतलें किती उरलें, बुधलीचा तळ किती दिवसांत दिसणार, हें तिला मुद्दाम मोजावें लागत नसे. तें डोळ्यांना दिसत असे. देवापुढचें तेल निराळें, माजघरांतल्या दिव्याचें निराळें. जेवणें आटोपलीं कीं माजघरांतली वात बारीक होई, आणि मंडळी निजली कीं एखादी मिणमिणती ज्योत तेवढी राही. काटकसर करा, असें त्या घराला कोणी बाहेरून येऊन सांगितलें नव्हतें. जी वस्तु डोळ्यांदेखत कमी होते, ती माणूस जपून वापरतो, एवढाच त्यांतला न्याय होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घासलेट आलें. चिमणी आली, कंदील आला, टेबलावरचा कांचेचा दिवा आला. प्रकाश वाढला, पण हिशेब हातचा गेला नाहीं. कंदील हलवून पाहिला, कीं आंतल्या तेलाच्या आवाजावरून रात्र निभेल कीं नाहीं तें कळे. कांचेच्या दिव्यांत तर तेलाची पातळी मुलांनाहि दिसे. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत घासलेट दुर्मिळ झालें, त्याच्या विक्रीवर नियंत्रण आलें, तेव्हां एक बाटली किती रात्री पुरवावयाची याचें अंकगणित शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांनाहि तोंडपाठ झालें होतें.

विजेचा दिवा घरांत शिरला आणि हा हिशेब घराबाहेर गेला. बटन दाबलें कीं प्रकाश. पुन्हां दाबलें कीं अंधार. या दोहोंच्या मध्यें काय खर्च झालें, हें दिवा सांगत नाहीं. पहिल्या तारखेला तो जितका उजळ असतो, तितकाच तिसाव्या तारखेलाहि असतो. तेल संपत आलें कीं ज्योत फडफडे आणि घरधनी सावध होई; विजेच्या दिव्याला अशी फडफड ठाऊक नाहीं. ज्या सोयीनें घरोघरच्या बायकांचे कष्ट वांचविले, मुलांना रात्रीं वाचण्यापुरता स्वच्छ उजेड दिला, तिनेंच खर्चाचें ज्ञान मात्र घरापासून दूर नेलें. तें ज्ञान घराला परत मिळवून देण्याचा जो प्रयत्न गेलीं शंभर-सव्वाशें वर्षें चालला आहे, त्याचा इतिहास मनोरंजक आहे आणि नाशिककरांच्या अगदीं निकटचाहि आहे.

वीज विकावयाची तर ती मोजली पाहिजे, हा प्रश्न विकणाऱ्यापुढें आरंभापासून उभा होता. प्रथम कांहीं ठिकाणीं दिव्यांच्या संख्येवर पैसे आकारीत. अमेरिकेंत एडिसननें १८८१ सालीं एक रासायनिक मापक योजिला. एका बरणींत जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. घरांत जाणाऱ्या प्रवाहाचा अल्पसा अंश त्या बरणींतून जाई आणि एका पट्टीवरचें जस्त दुसरीवर चढे. महिन्याकांठीं कंपनीचा माणूस येऊन पट्ट्या काढी, तोली, आणि वजनांत पडलेल्या फरकावरून आकारणी करी. युक्ति नामी होती. पण घरच्या माणसाला त्यांत पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. तराजू विकणाऱ्याच्या घरीं आणि दाम देणाऱ्यानें मुकाट्यानें द्यावयाचे, असा तो व्यवहार होता.

१८८९ सालीं बुडापेस्टच्या गांझ कारखान्यांतील ओट्टो ब्लाथी या हंगेरियन अभियंत्यानें उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहासाठीं फिरत्या चक्राचा मीटर सिद्ध केला. दोन चुंबकी गुंडाळ्यांच्या मध्यें धातूची एक पातळ चकती. घरांत जितकी वीज वापरली जाईल, तितक्या वेगानें ती फिरावयाची आणि दांतेरी चाकांच्या साह्यानें आंकडे पुढें सरकवावयाची. याच तत्त्वाचे सुधारलेले मीटर पुढें शंभर वर्षें जगभर चालले. मीटर जन्मला तो विकणाऱ्याच्या वहीसाठीं, हें खरें. पण या चकतीमुळें घरच्या माणसालाहि प्रथमच वीज जातांना पाहतां आली.

हिंदुस्थानांत मुंबईजवळ खोपोली येथें १९१५ सालीं, भिवपुरी येथें १९२२ सालीं आणि भिरा येथें १९२७ सालीं टाटांचीं जलविद्युत्-केंद्रें सुरू झालीं. इतर शहरांतून सरकारी परवाना घेतलेल्या कंपन्या वीज पुरवूं लागल्या. १९१० सालच्या वीज कायद्यानें ग्राहकाचा खप अचूक मीटरनें ठरवावा असा दंडक घातला, आणि मीटर खरा कीं खोटा असा तंटा पडल्यास त्याचा निवाडा सरकारी विद्युत्-निरीक्षकाकडे सोंपविला. म्हणजे मीटर हा कंपनी आणि घर यांच्यामधला पंच झाला. १९५४ सालीं मुंबई राज्य वीज मंडळ आलें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालें, २००५ सालीं त्याचें विभाजन होऊन घराघरांत वीज पोंचविण्याचें काम महावितरणकडे गेलें. मालक बदलले, पंच मात्र तोच राहिला.

वाड्याच्या ओसरीवर किंवा बोळांत लांकडी फळीवर हा मीटर टांगलेला असे. चकतीच्या कडेला एक काळी वा तांबडी खूण असे, आणि ती खूण पुन्हां कधीं समोर येते हें पाहणें हा मुलांचा खेळ असे. एकच दिवा लावला असतां चकती संथ चाले. इस्त्री लावली कीं ती धांवूं लागे. घरांतल्या आजोबांना मग निराळें व्याख्यान द्यावें लागत नसे. जातां येतां सर्वांची दृष्टि तिच्यावर पडे.

नाशिक वाढलें. १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वाडे पडून त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि मीटर ओसरीवरून निघून तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलींत, इतर पंचवीस-तीस मीटरांच्या रांगेंत जाऊन बसला. यालाहि सबळ कारणें होतीं. नोंद घेणाऱ्याला दार वाजवीत मजले चढावे लागूं नयेत, कुणी मीटरशीं खेळ करूं नये, आगीचा धोका घरापासून दूर राहावा. पण परिणाम असा झाला, कीं आपला मीटर कोणता हें विचारलें असतां घरांतल्या पुष्कळांना सांगतां येत नाहीं. त्यांतच फिरती चकती जाऊन तिच्या जागीं इलेक्ट्रॉनिक मीटरचे आंकडे आणि एक लुकलुकणारा तांबडा ठिपका आला. आतां घराला वीज दिसते ती एकाच ठिकाणीं, आणि तें ठिकाण म्हणजे बिल.

वाण्याच्या उधारीच्या वहींत निदान जिनसवार मांडणी असे: साखर इतकी, तूरडाळ इतकी, गूळ इतका. विजेच्या बिलांत गीझरची इतकी, पंख्याची इतकी, शीतकपाटाची इतकी अशी ओळ नसते. महिनाभराच्या वापराचा एकच आंकडा, तोहि महिना उलटून गेल्यावर. यामुळें काटकसरीची इच्छा असूनहि ती भलत्याच ठिकाणीं केली जाते. घरांतला कर्ता पुरुष दिवा राहिला म्हणून मुलांवर रागावतो आणि त्याच वेळीं न्हाणीघरांतला गीझर निष्कारण तापत असतो. नऊ वॉटचा एलईडी दिवा सुमारें एकशें अकरा तास जळावा, तेव्हां एक युनिट होतें. दोन हजार वॉटचा गीझर तेंच युनिट अर्ध्या तासांत संपवितो. जुन्या साठ वॉटच्या बल्बला तें सतरा तासांस पुरत नसे, म्हणून दिवे मालविण्याची शिकवण त्या काळीं योग्यच होती. आतां तिच्या जोडीला दुसरी शिकवण हवी. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण अशा घराला चपखल लागू पडते.

हें पीठ कोठून येतें, तें मात्र नाशिककरांना डोळ्यांनीं पाहतां येतें. नाशिकरोडच्या बाजूला गोदावरीकांठीं एकलहरें येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील पहिले दोन संच १९७० व १९७१ सालीं सुरू झाले व पुढें निवृत्त झाले. १९७९ ते १९८१ या काळांत प्रत्येकीं २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. या केंद्रासाठीं विदर्भासारख्या दूरच्या खाणींतून कोळसा आगगाडीनें येतो, पाणी गोदावरीचें लागतें, आणि मागें राखेचे ढीग राहतात. आपल्याकडच्या कोळशाच्या प्रतीचा विचार करतां एक युनिट विजेसाठीं सुमारें पाऊण किलो कोळसा जळतो. अर्ध्या तासाचा निष्कारण तापलेला गीझर म्हणजे पाऊण किलो कोळसा. तोच कोळसा स्वैंपाकघरांत टोपलींतून काढून चुलींत टाकावा लागला असता, तर कोणत्याहि गृहिणीनें तो असा जाऊं दिला नसता. धुराडें सर्वांना दिसतें. धुराडें आणि घरचें बटन यांच्यामधला धागा तेवढा दिसत नाहीं.

हा धागा दिसावा म्हणून जगांत पहिले सुसूत्र प्रयत्न झाले ते १९७३ सालच्या तेलसंकटानंतर. अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, किंमती कडाडल्या, आणि श्रीमंत देशांनाहि घरगुती उधळपट्टी खटकूं लागली. त्याच वर्षीं डेन्मार्कमधील एका परिषदेंत डोनेला मेडोज या विदुषीनें हॉलंडमधली एक हकीकत ऐकली. एका वसाहतींत सर्व घरें सारखीं. पण कांहीं घरांत मीटर तळघरांत होता आणि कांहींत दर्शनी दालनांत. दालनांत मीटर असलेल्या घरांचा वीजखप सुमारें एक-तृतीयांशानें कमी होता, असें त्या हकीकतींत सांगितलें होतें. ही ऐकीव गोष्ट आहे. तिच्यावर प्रमाण म्हणून विसंबतां येणार नाहीं. परंतु पुढें झालेल्या शास्त्रीय प्रयोगांनीं तिचा मूळ आशय, एवढ्या मोठ्या प्रमाणांत नव्हे तरी, खरा ठरविला. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत सेलिगमन आणि डार्ली यांनीं कांहीं कुटुंबांना आठवड्यांतून चार वेळां त्यांचा खप अपेक्षेहून किती कमी वा अधिक झाला हें कळविलें. सुमारें महिनाभरांत या कुटुंबांचा खप इतरांपेक्षां साडेदहा टक्क्यांनीं कमी भरला. त्यांचा निबंध १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. २००६ सालीं ऑक्सफर्ड येथील सारा डार्बी यांनीं अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. घरांत खप तत्काळ दिसेल अशी सोय असल्यास पांच ते पंधरा टक्के बचत होते. केवळ बिलांतून उशिरां कळल्यास ती शून्य ते दहा टक्के राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नुसतें दाखविणें पुरेसें मात्र नाहीं, हेंहि याच संशोधनांतून पुढें आलें. कॅलिफोर्नियांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत प्रत्येक घराला शेजाऱ्यांचा सरासरी खप कळविला. जास्त वापरणाऱ्यांनीं तो कमी केला, हें अपेक्षितच होतें. पण कमी वापरणाऱ्यांनीं, शेजारी एवढी वापरतात तर आपण कां नाहीं, अशा भावनेनें कीं काय, आपला खप वाढविला. मग त्यांच्या पत्रावर शाबासकीदाखल एक हसरा चेहरा काढला, तेव्हां ती वाढ थांबली. माणसाला आंकडा कळावा लागतो, आणि तो आंकडा चांगला कीं वाईट हेंहि कुणीतरी सांगावें लागतें. जुन्या घरांत हें काम आजीच्या एका दृष्टिक्षेपानें होत असे.

महाराष्ट्राला हा धडा मिळाला तो अधिक कठोर मार्गानें. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत राज्यांत विजेचा तुटवडा इतका वाढला, कीं भारनियमन हा शब्द लहान मुलांच्याहि बोलण्यांत आला. ज्या भागांत गळती व थकबाकी अधिक, तेथें अंधाराचे तास अधिक, अशी विभागणी होती. नाशिकमध्येंहि त्या काळीं घड्याळाकडे पाहून दळण, पाणी आणि अभ्यास उरकावा लागे. याच सुमारास महावितरणची अक्षय प्रकाश योजना आली. गांवानें सायंकाळीं पांचपासून रात्रीं अकरापर्यंत शेतीपंपासारखीं जड यंत्रें आपण होऊन बंद ठेवावीं आणि मोबदल्यांत घरांतले दिवे अखंड चालावे, असा तो करार होता. एकानें पंप लावला तर सर्वांच्या दिव्यांवर गदा येणार, हें प्रत्येकाला ठाऊक असे. ज्या गांवांनीं ही योजना मनावर घेतली, तेथें विजेचा खप पुन्हां सर्वांच्या नजरेसमोर आला. तो अंधाराच्या भीतीनें आला, हें मात्र विसरतां येत नाहीं. टंचाई ओसरली, आणि अंधाराबरोबर ती जागरूकताहि पुष्कळशी ओसरली.

त्यापेक्षां सौम्य उपाय कायद्यानें योजिले. २००१ सालीं ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ सालीं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला, आणि २००६ सालीं उपकरणांवर ताऱ्यांची पट्टी लावण्याची योजना निघाली. शीतकपाट वर्षाला किती युनिटें खाईल, हें दुकानांतच वाचतां येऊं लागलें. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाहि ती पट्टी सक्तीची झाली. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा खप उभ्या रेघांनीं दाखविला जातो. खप वाढला कीं वरच्या टप्प्याचा दर चढतो, हेंहि त्यांत मांडलेलें असतें. यांहून महत्त्वाची, पण क्वचितच कुणाच्या ध्यानांत आलेली एक तरतूद केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २००६ सालच्या मीटरविषयक विनियमांत होती. मीटर घराबाहेर बसविल्यास ग्राहकाच्या माहितीसाठीं घरांत खप दाखविणारा एक निराळा फलक द्यावा. आकारणी मात्र मूळ मीटरवरूनच व्हावी, असा तिचा आशय होता. ओसरीवरून उठलेला मीटर निदान छायारूपानें घरांत परत यावा, अशीच ही कल्पना होती.

अलीकडे स्मार्ट मीटर आला आहे. तो खपाची नोंद थोड्या थोड्या वेळानें घेऊन दूरवर पाठवितो, आणि तीच नोंद ग्राहकाला हातांतल्या फोनवर पाहतां येते. तरीहि महाराष्ट्रांत त्याचें स्वागत शंकेनेंच झालें. आगाऊ पैसे भरावयाच्या मीटरांना जागोजागीं विरोध झाला, आणि ते सामान्य ग्राहकांकडे बसविले जाणार नाहींत असें जून २०२४ मध्यें राज्य सरकारला जाहीर करावें लागलें. त्यानंतर वेळेनुसार वापर नोंदविणारे मीटर बसूं लागले आणि २०२५ सालीं घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरासाठीं सवलत जाहीर झाली. लोकांच्या शंकेमागें एडिसनच्या बरणीइतकाच जुना प्रश्न आहे: हा मीटर कोणाच्या डोळ्यांसाठीं? कंपनीला घरांतलें सारें दिसावें आणि घराला मात्र बिलापलीकडे कांहीं दिसूं नये, असें झाल्यास यंत्र कितीहि हुशार असलें तरी घर आंधळेंच राहील. उलट घरानें त्याकडे रोज पाहिलें, तर साधा मीटरहि पुष्कळ शिकवूं शकतो.

त्यासाठीं फोनचीहि आवश्यकता नाहीं. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एका युनिटला तांबडा ठिपका किती वेळां लुकलुकतो, तो आंकडा छापलेला असतो. समजा, तो ३२०० आहे. तर घरांतलें बाकी सर्व बंद करून एकटा गीझर लावला असतां ठिपका मिनिटाला सुमारें एकशें सात वेळां लुकलुकेल. एकटा नऊ वॉटचा दिवा लावला असतां दोन मिनिटांतून जेमतेम एकदां. शाळकरी मुलगा वही-पेन्सिल घेऊन एका सुटीच्या दिवशीं घरांतल्या सर्व उपकरणांची अशी जिनसवार वही तयार करूं शकेल, आणि त्याचें त्रैराशिकहि पक्कें होईल.

मराठी घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहिण्याची रीत जुनी आहे. दूध अर्धा लिटर, एक लिटर, आज खाडा. गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली, हेंहि त्याच चौकटींत. त्या चौकटींत दुधाशेजारीं मीटरचा रोजचा आंकडा लिहावयाला अर्धें मिनिट लागतें. आठवडाभरांत दोन आंकड्यांमधला फरक बोलूं लागतो, आणि पाहुणे आले त्या दिवशीं किती, वादळानें वीज गेली त्या दिवशीं किती, गीझर वेळेवर बंद केला त्या दिवशीं किती, हें घरांतल्या लहानथोरांना कळूं लागतें. समईंत तेल घालणाऱ्या स्त्रीला जें न मोजतां दिसत होतें, तें आतां रोज लिहून ठेवावें लागेल, एवढाच काय तो फरक.